कमावलेलं पुसायचं नाही

मागच्या महिन्यात क्युपर्टिनोला एका ओळखीच्यांकडे जेवायला गेले होते. आता आम्ही सगळेच निवृत्त. जेवण सुरू असताना कुणीतरी बातमी सांगितली, कुमुद रामटेके गेली. मला ते आधीच कळलं होतं, तिच्या भाच्याचा फोन आला होता. एक गृहस्थ आमटीत पोळी बुडवत म्हणाले, "हुशार होती बाई. पण फार तापट. जरा नमतं घेतलं असतं तर कुठल्या कुठे गेली असती."

मी ताट खाली ठेवलं आणि हात धुवायला उठले. परत येऊन बसले नाही. तशीच गाडी काढून घरी आले. या वयात एवढा राग बरा नव्हे असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांनी कुमुदला पाहिलेलं नाही.

तापट! तिच्याशी कोण कसं वागलं हे त्या गृहस्थांना माहीत नव्हतं, म्हणजे खरं तर थोडं माहीत होतं, ते मी पुढे सांगते. आणि तिचा राग त्यांना कळलेलाच नव्हता. कुमुदचा आवाज रागात चढत नसे, उतरत असे. ती जितकी संतापे तितकी हळू बोले, आणि अगदीच अनावर झालं की तिच्या तोंडून नागपूर बाहेर पडे. "काऊन?" एवढंच विचारायची. का म्हणून? त्या एका शब्दापुढे भलेभले चाचरत.

आमची ओळख ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर झाली. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये रेल्वेच्या रुळांजवळ एका बैठ्या इमारतीत आमची लहानशी सॉफ्टवेअर कंपनी होती. एका बाजूला गालिच्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला दातांचा डॉक्टर. मालकाचं नाव रिक. माझं काम मॅन्युअल लिहिण्याचं. इंग्रजीत एम. ए. करून नवऱ्याबरोबर अमेरिकेत आलेल्या बाईला तेव्हा तेवढं काम मिळत असे.

त्या काळात टेबलाभोवती बसून खेळायच्या एका खेळाचं इथे वेड होतं. एक जण गोष्ट सांगणार आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार, कुणी सरदार, कुणी जादूगार, कुणी चोर. फासे टाकायचे, राक्षस मारायचे, खजिने लुटायचे. आपल्या सरदाराची ताकद किती, त्याच्याकडे शस्त्रं कुठली, चिलखत किती जड, हे सगळं पेन्सिलीने कागदावर मांडायचं आणि बदललं की खोडरबराने खोडायचं. एकेक पात्र लोक वर्षानुवर्षं चालवत, लेकरासारखं सांभाळत. घरोघरी नुकते कॉम्प्युटर येत होते. त्या खोडून खोडून फाटलेल्या कागदाची जागा आमच्या फ्लॉपीने घ्यावी, असा रिकचा बेत होता.

कुमुद प्रोग्रॅमर म्हणून आली त्या दिवशी रिकने तिची ओळख करून देताना म्हटलं, "ही के. तुझं नाव जरा अवघड आहे, के म्हटलं तर चालेल ना?"

"नाही चालणार," कुमुद म्हणाली. "कुमुद. तू 'कॅलिफोर्निया' म्हणू शकतोस, तर हेही जमेल."

रिक हसला. त्याला तो विनोद वाटला. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच तसं वाटे.

मग डेनिसने तिला आमचा प्रोग्रॅम दाखवला. डेनिस टेस्टर होता, लष्करात असताना गुडघा गेला होता, काठी घेऊन चालायचा. शनिवारी त्याच्या घरी खेळ रंगे आणि गोष्ट सांगणारा तोच असे. त्याने आपल्या एका मित्राचा सरदार पडद्यावर आणला. सरदाराकडे चांदीचा मुलामा दिलेली तलवार होती. कुमुदने विचारलं, "हा मुलामा काढता येतो?" आणि उत्तराची वाट न बघता बटण दाबलं. मुलामा गेला. तलवारही गेली. सरदार रिकाम्या हातांनी उभा.

"तलवार कुठे गेली?"

"आपल्या प्रोग्रॅममध्ये चांदीची तलवार ही वेगळीच वस्तू आहे," डेनिस ओशाळून म्हणाला. "ती काढली की संपलं."

"पण साधी तलवार त्याची होती ना? त्याने मिळवली होती?"

"हो. फार दिवस झगडला होता बिचारा तिच्यासाठी."

रिक मागून जात होता. म्हणाला, "रिलॅक्स, खेळ आहे हा."

कुमुदने खुर्ची वळवली. आवाज खाली गेला. "एखाद्याने कमावलेलं पुसायचा हक्क या डब्याला कुणी दिला?"

हे तिचं वाक्य पुढे आम्ही रोज ऐकलं. कमावलेलं पुसायचं नाही. फ्लॉपीवर कुणी चुकून काही मिटवलं तरी तेच, ऑफिसच्या फळ्यावरचं कुणाचं लिहिणं न विचारता पुसलं तरी तेच.

रिकच्या डिझाईनमध्ये प्रत्येक वस्तूची आणि तिच्या प्रत्येक रूपाची वेगळी नोंद होती. तलवार, धारदार तलवार, चांदीची तलवार, चांदीची धारदार तलवार, मुठीत माणिक बसवलेली चांदीची धारदार तलवार. मग भाले, मग ढाली. कॉम्प्युटरची मेमरी तेव्हा चिमूटभर. निम्मी शस्त्रं त्यात मावत नव्हती आणि खेळणाऱ्यांना तर आपापल्या कल्पनेने शस्त्रं घडवायची होती.

कुमुदने मीटिंगमध्ये फळ्यावर सायकल काढली. चित्रकला दिव्य होती, चाकं बटाट्यासारखी. तिचे वडील नागपूरला एका कारखान्यात फिटर होते. कॉलेजला जाताना त्यांनी तिला स्वतःची सायकल दिली होती, दांडीची, आणि कुमुद ती सलवार-कमीजवर चालवायची. तिने सायकलला कॅरियर जोडलं, डायनॅमो जोडला, घंटी जोडली.

"कॅरियर काढलं तर सायकल नाहीशी होते का?" तिने विचारलं. "मूळ वस्तू एकदाच लिहायची आणि तिला कधीही हात लावायचा नाही. जे जोडायचं ते वेगळं लिहायचं. ते कुठे बसतं, पात्यावर की मुठीत, आणि काय बदलतं, हे त्यानेच सांगायचं. पात्यावर एकच मुलामा, मुठीत एकच खडा. तलवार मागितली की मूळ तलवार घ्यायची, जोडलेलं सगळं त्या क्षणी मोजायचं. काढलं की मोजणं बंद. तलवार जिथल्या तिथे."

"आणि मोजायचं कुठल्या क्रमाने?" डेनिसने विचारलं. त्याचे डोळे चमकायला लागले होते. "धारेने मार थोडा वाढतो, मंत्राने दुप्पट होतो. आधी कुठलं धरलं यावर माझ्या घरी दर शनिवारी भांडण होतं."

"आधी बेरीज, मग दुप्पट. नियम एकदा ठरवायचा, सगळ्यांना सारखा. राजाच्या तलवारीला वेगळा नाही."

रिक घड्याळ बघत होता. "नाताळच्या आधी प्रोग्रॅमचे डबे दुकानात जायला हवेत. आणि काढतंय कोण? लोक फक्त नवं नवं जोडत जातात."

"तू कधी देश बदलला नाहीस," कुमुद म्हणाली.

रिकने तिचं ऐकलं नाही. जुनाच प्रोग्रॅम डब्यांत भरून दुकानात गेला.

याच सुमाराला मी तिला आमच्या मराठी मंडळींच्या पिकनिकला नेलं. क्युपर्टिनोतल्या एका बागेत पॉटलक होता. प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं. कुमुद सकाळपासून खपून सांबारवड्या घेऊन आली, नागपूरच्या, आत गच्च कोथिंबीर. सगळ्यांनी वा वा केलं. मग एक वयस्कर काका तिच्याशेजारी येऊन बसले.

"रामटेके म्हणजे रामटेकचे का?"

"नाही काका, नागपूरचे."

"ते झालं गं. पण मूळचे कोण?"

"माझ्या आजोबांचा जन्मही नागपूरचाच."

"तसं नव्हे. म्हणजे आपल्यात रामटेके फारसे ऐकले नाहीत, म्हणून विचारलं."

कुमुदने पेला खाली ठेवला. आवाज एकदम हळू. "मी बौद्ध आहे, काका. आता झालं समाधान?"

"अरे वा, छान, छान," काका म्हणाले. "आता तुमच्यातलेही बरेच जण पुढे येतायत."

"हो ना," कुमुद म्हणाली. "तुमच्यातले कधी येणार?"

काका उठून गेले. आणि नंतर काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वाईट शब्द एकही नाही. फक्त सांबारवड्यांच्या ताटाकडे कुणाचा हात जाईना. एका बाईने ताट हळूच टेबलाच्या कडेला सरकवलं आणि मध्ये स्वतःचा ढोकळा ठेवला. उपास नव्हता कुणाचा. आमटीत पोळी बुडवणारे ते गृहस्थ तेव्हा तरुण होते, तिथेच ताट घेऊन उभे होते आणि गवताकडे बघत होते. म्हणून म्हटलं, त्यांना थोडं माहीत होतं.

मी ताट उचललं, कुमुदचा हात धरला आणि आम्ही माझ्या गाडीत बसून वड्या खाल्ल्या. ती तावातावाने खात होती, जणू वड्यांचाच सूड घेत होती. अचानक म्हणाली, "वसुधा, मीठ कमी पडलंय गं." आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. उरलेल्या वड्या सोमवारी डेनिसने तिखट सॉस ओतून संपवल्या.

नाताळ झाला आणि ऑफिसात फोन सुरू झाले. लोक काढत होते. मुलामे काढत होते, खडे बदलत होते, चिलखतं हलकी करत होते, आणि शस्त्रं बेपत्ता होत होती. रिक फोन घेईनासा झाला. फ्रेस्नोहून एका शिक्षिकेचा फोन आला, तो कुमुदने घेतला. त्या बाई शाळेच्या लायब्ररीत मुलांचा गट चालवत. गटातली एक मुलगी एरवी कुणाशी बोलत नसे, फक्त या खेळात बोले. तिच्या सरदारणीचा भाला नाहीसा झाला आणि ती पुन्हा गप्प झाली, असं बाईंनी सांगितलं.

कुमुद म्हणाली, "तिला सांगा, भाला हरवलेला नाही. मी तो आणून देते."

फोन ठेवून ती सरळ रिकच्या खोलीत गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, म्हणजे फारच रागावली असणार. बाहेर आली ती काम सुरू करूनच. वसंत ऋतू सरेपर्यंत तिने तो सगळा भाग नव्याने लिहिला. डेनिस मुद्दाम विचित्र शस्त्रं घडवून तिला छळे, ढालीला मूठ लाव, बुटांना धार लाव, आणि तिचा प्रोग्रॅम शांतपणे सांगे की हे इथे बसत नाही. जेव्हा बसे तेव्हा ती टाळी वाजवायची. मला मॅन्युअल लिहायला इतकं सोपं कधीच गेलं नाही, कारण कुठेच 'सावधान' लिहावं लागलं नाही. फ्रेस्नोला पहिली फ्लॉपी तिने स्वतः टपालात टाकली. त्या बाईंचा पुन्हा फोन आला. मुलगी बोलतेय, म्हणाल्या.

नवी आवृत्ती पुढे धडाधड खपली. एका मासिकाने तर फक्त शस्त्रांच्या त्या भागाचंच कौतुक छापलं. पण ती दुकानात जायच्या आधी नव्या डब्यांचा पहिला गठ्ठा ऑफिसात आला.

डब्यावर मोठा ड्रॅगन, खाली सरदार, आणि त्याखाली लिहिलेलं: रचना, रिक आणि ब्रॅड. ब्रॅड रिकचा मेव्हणा. त्याने ड्रॅगन काढला होता. मी मॅन्युअलच्या पहिल्या पानावर कुमुदचं नाव घातलं होतं. छापून आलं तेव्हा ते पानच वेगळं होतं.

कुमुदने डबा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. सगळं ऑफिस केक खात उभं होतं.

"रिक, माझं नाव कुठे आहे?"

"हे टीमचं काम आहे, कुमुद." नाव त्याला आता नीट घेता येत होतं.

"मग टीमचं नाव लिही. दोघांचंच काऊन?" शेवटचा शब्द मराठीतच होता, पण रिकला कळला.

"हे बघ, हा ड्रॅगनचा, किल्ल्यांचा माल आहे. गिऱ्हाइकाला त्या जगातलं वाटलं पाहिजे. तुझं नाव त्यात बसत नाही, त्यात माझा काय दोष?" तो जवळ आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "शिवाय तुझ्या ग्रीन कार्डचे कागद आमच्या वकिलाकडे आहेत. अर्ध्यावर आलंय सगळं. ही वेळ आवाज करायची नाही."

हे तो हसत म्हणाला. मी तिथे होते. त्याचे दात मला अजून दिसतात. धमकी देताना माणसाने निदान हसू नये.

कुमुदने डबा टेबलावर ठेवला. "कागद ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "मी जाते."

पर्स घेतली, चहाचा थर्मास घेतला आणि गेली. डेनिस काठी टेकत तिच्या मागे दारापर्यंत गेला आणि परत येऊन त्याने केकची ताटली जशीच्या तशी कचऱ्यात टाकली. पुढच्या महिन्यात मीही नोकरी सोडली. त्यात शौर्य काही नव्हतं, माझं ग्रीन कार्ड नवऱ्याच्या नोकरीवर आधीच झालेलं होतं. कुमुदचा व्हिसा त्या एका नोकरीवर होता.

इथेच लोक म्हणतात, नमतं घ्यायला हवं होतं. मला कुणी सांगा, अजून किती? नाव तोडून के करू दिलं असतं, ताट कडेला सरकवू दिलं असतं, डब्यावरून पुसू दिलं असतं, मग ती शांत स्वभावाची ठरली असती. अशा शांत स्वभावाच्या बायकांच्या शोकसभेत फार छान भाषणं होतात.

तिला नॉर्थ कॅरोलायनात कॅरीजवळ एका औषध कंपनीत काम मिळालं, पण कागद पहिल्यापासून सुरू. ते मंजूर होईपर्यंत देशाबाहेर गेलीस तर परत येता येणार नाही, असं वकिलाने बजावलं. आणि नेमके तेव्हाच, ती अजून सनीव्हेलमध्येच असताना, तिचे वडील गेले.

भावाचा फोन आल्यावर तिने मला बोलावलं. मी पोहोचले तेव्हा दुपार होती. बुद्धाच्या लहानशा मूर्तीपुढे मेणबत्ती लावलेली होती आणि ती स्वयंपाकघरात उभी राहून कांदे चिरत होती. ओटा कांद्यांनी भरलेला.

"एवढे कांदे कशाला गं?"

"रडू येत नाहीये." सुरी थांबली नाही. "बाबांसाठी रडायला जाते आणि मधे त्या रिकचा चेहरा येतो. माझ्या बापाच्या आणि माझ्या मधे तो माणूस काऊन येतो, वसुधा?"

मी सुरी तिच्या हातातून काढून घेतली. आम्ही दोघी मूर्तीपुढे बसलो. तिने त्रिशरण म्हटलं. शेवटी तिचा आवाज चिरकला आणि मग ती रडली, पुष्कळ रडली. तिकडे नागपुरात भाऊ एकटाच सगळं करत होता.

तिला ग्रीन कार्ड पुढे मिळालं. कॅरीत तिने घर घेतलं, तिथल्या कंपनीत मोठ्या पदावर पोहोचली, भाच्याला शिकायला आणलं. रिकची कंपनी बुडाली, पण ती बाजार बदलला म्हणून. न्यायबिय काही झाला नाही. त्याने दुसरी काढली आणि ती चांगली चालली. आम्ही फोनवर बोलत राहिलो, भेटायचं मात्र राहून गेलं. मी तिला शेवटचं पाहिलं ते तिने सनीव्हेल सोडण्याच्या आदल्या दुपारी.

सामान बांधून झालं होतं. मी घर झाडत होते. डेनिस त्याच्या दोन मित्रांना घेऊन आला, हातात फासे.

"तू आयुष्यात एकदाही हा खेळ खेळली नाहीस," तो म्हणाला. "अशी नाही जाऊ देणार."

खरंच होतं ते. खेळणाऱ्यांसाठी एवढं करून ती स्वतः कधी बसली नव्हती. आम्ही खोक्यांभोवती जमिनीवर बसलो. तिला सरदारीण करण्यात आलं. डेनिस गोष्ट सांगायला लागला. लांबचा प्रवास करून ती एका राजाच्या वाड्यापाशी पोहोचली. राजाकडे तिचं काम होतं. दारावर पहारेकरी होते.

"पहारेकरी म्हणतात, तलवार इथे काढून ठेव. तुझ्यासारख्या परक्यांना शस्त्र घेऊन आत सोडत नाहीत."

"आत जाणाऱ्या बाकीच्यांकडे तलवारी आहेत?" कुमुदने विचारलं.

डेनिसने जरा विचार केला. "आहेत."

"मग नाही ठेवणार."

"आत सोडणार नाहीत."

"नको सोडू देत. मी दारासमोर बसते. राजाला म्हणावं, तू बाहेर ये."

मित्र हसायला लागले. एक म्हणाला, असं चालत नाही, राजे बाहेर येत नसतात. डेनिस हसला नाही. "फासे टाक," तो म्हणाला. "आकडा मोठा पडायला हवा. फारच मोठा."

तिने फासे टाकले. ते खोक्यांच्या मधल्या फटीत घरंगळले. आम्ही सगळे वाकून, गाल जमिनीला टेकवून शोधायला लागलो. मी मान वर करून पाहिलं तर कुमुद एकटी वाकली नव्हती. मांडी घालून ताठ बसली होती, हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या बंद दारावर.

"बघ तरी काय पडलंय," मी म्हटलं.

"काही का पडेना," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "मी बसलेय."